तीन मिनिटं आणि एक मुक्काम

हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर यंदाच्या ट्रिपचा कागद लागलाय. शुक्रवारी रात्री गाडी निघणार, शनिवारी मालवण, दुपारपर्यंत स्कूबा, संध्याकाळी पाचला परत फिरायचं, रात्री दोन-अडीचला हॉस्टेल, आणि रविवारी पहाटे साडेपाचला "ज्यांच्यात दम आहे त्यांनी" तोरणा. खाली कुणीतरी पेनने लिहिलंय, "झोपणारे हरले!!"

मित्रांनो, या कागदावर मी सही केलेली नाही. दम नाही म्हणून नव्हे. तोरणा माझा चार वेळा झालाय, त्यातला एक भर पावसात, आणि गेल्या डिसेंबरमध्ये मी ओपन वॉटरचा कोर्सही पुरा केला. माझी हरकत फक्त क्रमाला आहे. आधी समुद्र आणि लगेच डोंगर, हा क्रम चुकीचा आहे. हे मेसमध्ये बोलले तर टेबलावरचे सगळे हसले. एकाने विचारलं, "समुद्राचा आणि तोरण्याचा काय संबंध? पोहून दमायला होतं म्हणून?" संपादकांनी पानं दिलीच आहेत, तर तो संबंध काय ते इथे सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझा आतेभाऊ नेमकी हीच ट्रिप करून आला होता. दादा कोर्स केलेला, चांगला पोहणारा, तब्येतीने दणकट. किनाऱ्यावरच्या एका सेंटरबरोबर त्याने दिवसभरात दोन डाइव्ह केल्या. दुसऱ्या डाइव्हच्या शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, त्याला सेफ्टी स्टॉप म्हणतात. वर बोटीत पुढची बॅच ताटकळत होती, म्हणून सोबतच्या माणसाने वर चलण्याची खूण केली. दादा वर आला. साडेतीन वाजले होते. पाचला गाडी निघाली, घाट चढला, रात्री दोनला तो आमच्याकडे पोचला आणि सकाळी आठला आम्ही सगळे तोरण्यावर होतो. झुंजार माचीकडे जाताना त्याचा उजवा कोपर ठणकायला लागला. सॅक चुकीची उचलली असेल म्हणून आम्ही बाम चोळला. दुपारी वेल्ह्यात उतरलो तेव्हा दुखणं बरंच कमी झालं होतं. "बघ, काही नव्हतं," तो म्हणाला. पुढे दोन दिवस कोपर अधूनमधून दुखत राहिला, डॉक्टरांनी पेनकिलर दिली, प्रकरण मिटलं. डाइव्हिंगबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

ते नक्की काय होतं हे आता कोणीच सांगू शकणार नाही. कदाचित सॅकच असेल. पण वर चढताना सुरू झालेलं आणि खाली उतरल्यावर कमी झालेलं सांध्याचं दुखणं म्हणजे काय असू शकतं, हे मला कोर्समध्ये कळलं आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता थोडं फिजिक्स. फर्स्ट इयरला झालेलंच आहे, घाबरू नका. समुद्रसपाटीवर आपल्यावर हवेचा एक ॲटमॉस्फियर दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एक वाढतो. म्हणजे १८ मीटरवर २.८. त्या खोलीवर श्वास घ्यायचा तर हवाही तेवढ्याच दाबाने यावी लागते आणि ते काम रेग्युलेटर करतो. हवेत ७९ टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन असतो, शरीराला त्याचा काही उपयोग नाही. दाब वाढला की तो रक्तात आणि तिथून स्नायूंत, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. खाली असताना याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो वर येताना. दाब हळूहळू उतरला तर नायट्रोजन आला तसा रक्तातून फुफ्फुसात आणि श्वासावाटे बाहेर. दाब झटकन उतरला तर तो जिथे असेल तिथेच बुडबुडे होऊन सुटतो.

गोटी सोडा सगळ्यांनी प्यायलाय. गोटी आत दाबली की फस्सकन सगळा फेस वर. गोटीची बाटली हळू उघडताच येत नाही, हाच तिचा दोष. फिरकीच्या झाकणाची बाटली मात्र जरा सैल करा, थांबा, पुन्हा जरा सैल करा, फेस येत नाही. डाइव्हरने फिरकीचं झाकण व्हायचं असतं.

हा आजार समुद्राने शोधलेला नाही बरं का, तो आपल्या सिव्हिलवाल्यांनी शोधलाय! नदीच्या तळाशी पुलाचा पाया घालायला केसॉन उतरवतात. आत पाणी शिरू नये म्हणून दाबाची हवा भरायची आणि त्या हवेत मजुरांनी खणायचं. शिफ्ट संपली की मजूर वर यायचे आणि काहींचे सांधे असे धरायचे की माणूस वाकून चालायचा. म्हणूनच इंग्रजीत या दुखण्याला 'बेंड्स' म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचा चीफ इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये यानेच अंथरुणाला खिळला. तो खिडकीतून पूल बघायचा आणि साइटवर त्याचे निरोप, हिशेब, सूचना घेऊन त्याची बायको एमिली जायची. १८८३ मध्ये पूल खुला झाला तोवर हे असंच चाललं. (आमच्या ब्रँचमध्ये मुली किती, असं विचारणाऱ्यांनी एमिली रोबलिंगबद्दल जरूर वाचावं.) आपल्याकडे कोलकात्याच्या हावडा ब्रिजच्या हावडा बाजूच्या पायातही दाबाची हवा वापरली होती, जवळजवळ २.८ बार. सुमारे पाचशे मजूर त्यासाठी लागले होते.

कारण कळायला मात्र वेळ लागला. फ्रान्सच्या पॉल बेअरने १८७८ मध्ये दोष नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर ठेवला. मग इंग्लंडमध्ये हॉल्डेनने ब्रिटिश नेव्हीसाठी बकऱ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ मध्ये पहिले हिशेबी तक्ते छापले. त्याचं डोकं असं की शरीर म्हणजे एक टाकी नव्हे, अनेक टाक्या. काही पटकन भरतात आणि पटकन रिकाम्या होतात, काही अगदी सावकाश. प्रत्येक टाकीला एक हाफ लाइफ. त्याने पाच धरल्या होत्या, ५ मिनिटांपासून ७५ मिनिटांपर्यंत. केमिस्ट्रीतला हाफ लाइफ इथे असा उपयोगी पडेल असं मला बारावीत कुणी सांगितलं असतं तर मी तो धडा ऑप्शनला टाकला नसता.

आता सेफ्टी स्टॉपचा हिशेब करू. गणित ढोबळ आहे, पाण्याची वाफ वगैरे सोडून दिलीय, सरांनी माफ करावं. १८ मीटरवर ४० मिनिटं काढली, असं धरा. पृष्ठभागावर असताना शरीरात नायट्रोजनचा दाब ०.७९. तळाशी हवेतल्या नायट्रोजनचा दाब २.२१. पाच मिनिटांची टाकी या वेळात आठ हाफ लाइफ घेते, म्हणजे जवळपास काठोकाठ, २.२१. चाळीस मिनिटांची टाकी एकच हाफ लाइफ घेते, म्हणजे निम्मी, १.५०. आता वर येऊन पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. पाच मिनिटांच्या टाकीत २.२१ चे १.८६ होतात. जेमतेम तीन मिनिटांत, नुसतं दोरी धरून मासे बघत! चाळीस मिनिटांची टाकी? १.५० वरून १.४८ किंवा १.४९. जवळपास काहीच नाही.

या दोन आकड्यांत माझा सगळा लेख आहे. तीन मिनिटांच्या थांब्याने भरभर भरणाऱ्या टाक्या हलक्या होतात. रक्त आणि मज्जासंस्था साधारण या गटात येतात, त्यामुळे ही तीन मिनिटं सर्वांत मोलाची. पण सावकाश भरणाऱ्या टाक्यांवर त्याचा परिणाम नाही. त्यांना तास लागतात. किनाऱ्यावर बसून, शहाळं पीत, काहीही न करता काढलेले तास.

थांबायचं पाच मीटरवरच का, असं आमच्या बॅचमध्येही एकाने विचारलं होतं. ३० मीटरवरून २० वर आलं की दाब ४ वरून ३ होतो, म्हणजे वायू एक तृतीयांशाने फुगतो. शेवटच्या दहा मीटरमध्ये २ वरून १, म्हणजे वायू थेट दुप्पट. उजेड दिसायला लागला, बोटीचा तळ दिसला, आता पोचलोच, असं जिथे वाटतं तिथेच सगळ्यांत जास्त धोका असतो. पूर्वी वर येण्याचा वेग मिनिटाला १८ मीटर चालायचा, आता ९ किंवा १० सांगतात. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटावर पिलमॅनिसने डाइव्हरांच्या रक्तातले बुडबुडे डॉप्लरने ऐकले. थोडासा थांबा घेतला की बुडबुडे खूपच कमी ऐकू यायचे. तिथून ही तीन मिनिटांची सवय रुजत गेली.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सेफ्टी स्टॉप सक्तीचा नसतो. खोल, लांब डाइव्हनंतर जे डिकॉम्प्रेशन स्टॉप घ्यावे लागतात ते वेगळे, ते चुकवले तर खरंच धडगत नाही. हौशी डाइव्हरने मुळात त्या मर्यादेच्या आतच राहायचं असतं. सेफ्टी स्टॉप म्हणजे वरची राखीव शिल्लक. आपण बीमच्या डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो तसा. फॅक्टर ऑफ सेफ्टी काढून टाकला तर बीम लगेच पडतो का? नाही पडत. म्हणूनच लोकांना तो काढायचा मोह होतो. आपल्या तालुक्यात हे वेगळं सांगायची गरज नसावी. (२०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, आपण मात्र वेल्हेच म्हणतो.) १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते धरण जुनं झालं म्हणून नाही. ते त्याचं पाणी साठवायचं पहिलंच वर्ष होतं, आणि पाणी सोडायच्या मोरीच्या काँक्रीटला सळ्याच नव्हत्या. पुण्यात अजूनही जुन्या लोकांशी बोलताना 'पुराआधी' आणि 'पुरानंतर' असे दोन काळ ऐकू येतात.

दुसरी प्रामाणिक गोष्ट. ट्रिपला जाणाऱ्यांतले बहुतेक जण कोर्सवाले नाहीत. ते करणार ती 'ट्राय डाइव्ह'. सहा-आठ मीटर खोल, पंधरा-वीस मिनिटं, इन्स्ट्रक्टरने मागून धरलेलं, फोटो, व्हिडिओ, संपलं. एवढ्यात नायट्रोजन फार भरत नाही. त्यांना मी उगीच घाबरवणार नाही. त्यांचा खरा धोका वेगळा आहे, वर येताना श्वास रोखून धरणं. फुफ्फुसात भरलेली हवा फुगते आणि तिला वाट मिळाली नाही तर इजा होते, अगदी दोन-तीन मीटरवरूनसुद्धा. म्हणून पाण्याखाली एकच नियम पाठ करा, श्वास चालू ठेवा. आणि फॉर्मवर दमा असेल तर दमा लिहा, सर्दी असेल तर त्या दिवशी बोटीतच बसा.

पण आपल्यात कोर्स केलेले सहा-सात जण आहेत आणि ते दिवसात दोन डाइव्ह करणार आहेत. त्यांच्यासाठी तोरण्याचा प्रश्न खरा आहे.

डाइव्हिंगनंतर विमानात बसू नये हे ऐकलेलं असतं. सर्वसाधारण नियम असा, की एकच साधी डाइव्ह असेल तर निदान १२ तास, एकापेक्षा जास्त असतील तर १८ तास. विमानात लोक ऐकतात, कारण विमान म्हणजे काहीतरी मोठी गोष्ट. पण शरीराला विमान कळत नाही, दाब कळतो. हा नियम सुरू होतो तो ६०० मीटरच्या आसपासच्या उंचीपासून. आंबोली ६९० मीटर. वेल्हे गाव सातशेच्या आसपास. तोरणा १४०३. वर दाब राहतो सुमारे ०.८४ ॲटमॉस्फियर. म्हणजे घाटातून येणारी आपली एसटी किंवा ट्रॅव्हल्स, तिला पंख नसले तरी, डाइव्हरच्या दृष्टीने थोडंफार विमानच. घाटापुरता धोका लहान आहे हे मान्य. त्यावर पुन्हा तोरणा चढायचा तर तो लहान राहत नाही. शिवाय डाइव्हिंगनंतर जोराचा व्यायाम करू नये असंही सांगतात. आणि तोरण्याची चढण म्हणजे काही सारसबागेतली चक्कर नव्हे.

मेसमध्ये एका हुशार मित्राने यावर बिनतोड वाटणारा मुद्दा काढला. "तोरण्यावर दाब ०.१६ ने कमी होतो. म्हणजे दीड मीटर पाण्याएवढा. दीड मीटरने काय होतं?" प्रश्न चांगला आहे, मला उत्तर द्यायला एक दिवस लागला. ३० मीटरवर असताना दीड मीटर वर आलात तर दाब ४ चा ३.८५ होतो, चार टक्के कमी. समुद्रसपाटीवरून तेवढाच फरक म्हणजे सोळा टक्के. बुडबुड्याला मीटर कळत नाहीत, प्रमाण कळतं. आणि सावकाश टाक्या अजून भरलेल्याच असतील तर समुद्रसपाटीवर जेमतेम सावरलेलं शरीर तोरण्यावर मर्यादेपलीकडे जाऊ शकतं.

या सगळ्याचा सर्वांत बारीक अभ्यास केला तो स्वित्झर्लंडच्या ब्युलमनने, झुरिचमध्ये. कारण सरळ आहे, त्यांच्याकडे समुद्र नाही, डोंगरातली तळी आहेत. आज आपल्या मनगटावरच्या बहुतेक डाइव्ह कॉम्प्युटरांत त्याच्या हिशेबावर बेतलेलं गणित असतं. सोळा टाक्या, सर्वांत सावकाश टाकीचा हाफ लाइफ ६३५ मिनिटं, म्हणजे साडेदहा तास. १८ तासांचा नियम हवेतून आलेला नाही हे यावरून लक्षात येईल. गंमत म्हणजे पानशेत धरण भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६३५ मीटरच्या आसपास असते. हा निव्वळ योगायोग आहे, व्हायव्हाला सांगू नका.

पानशेतवरून आठवलं. "मालवणला कशाला, पानशेतलाच प्रॅक्टिस करू" असंही एक टूम निघालं होतं. परवानगी आणि गढूळ पाणी बाजूला ठेवा. ३०० मीटरच्या वर कुठेही डाइव्ह केली की ती 'अल्टिट्यूड डाइव्ह' होते. पानशेतला हवेचा दाबच ०.९३ च्या आसपास. तिथली २० मीटरची डाइव्ह तक्त्यात २१ ते २२ मीटरची धरावी लागते, कारण वर येऊन आपण कमी दाबात येतो. समुद्राचे तक्ते जसेच्या तसे तिथे चालत नाहीत. तेव्हा तो विषय बंद.

समजा झालंच काही, तर? सांधा ठणकणं, हातापायाला मुंग्या, बधिरपणा, अंगावर चट्टे, चक्कर, न समजणारा थकवा, पायांत ताकद नसणं, लघवी न होणं. डाइव्हिंगनंतर चोवीस तासांत यातलं काहीही आलं तर त्याला सॅक, झोप, मेसची भाजी असलं कारण चिकटवू नका. आडवं व्हा, शुद्ध ऑक्सिजन मिळवा, १०८ ला फोन करा, आणि समोरच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा, "मी काल समुद्रात डाइव्ह केलीय, इतके मीटर, इतकी मिनिटं." सह्याद्रीत बसलेल्या डॉक्टरांच्या मनात समुद्राचा आजार कसा येणार? त्यांचा दोष नाही. खरा उपचार म्हणजे माणसाला पुन्हा दाबाच्या चेंबरमध्ये ठेवून ऑक्सिजन देणं, पहिला टप्पा १८ मीटर खोलीइतक्या दाबावर, एकूण पाच तासांच्या आसपास. मुंबईला नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलमध्ये या विषयाचे जाणकार आहेत. मात्र दुखतंय म्हणून पुन्हा पाण्यात उतरायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर तिथेच मारा.

आता मूळ मुद्दा, आणि हा रेक्टर मॅडम आणि स्टाफसाठी. ट्रिपचा कागद असा का झाला ते सगळ्यांना माहीत आहे. मुलामुलींच्या ट्रिपला बाहेर रात्रीचा मुक्काम नको, असा आपला नियम. मुक्काम नको म्हणून दोन्ही रात्री गाडीत. पहिल्या रात्री न झोपता समुद्रात उतरायचं, दुसऱ्या रात्री थकलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर घाट चढायचा. यात सुरक्षित काय आहे ते मला खरंच कळलेलं नाही. नियम काळजीपोटी केलाय हे मान्य, पण काळजी भलत्याच गोष्टीची घेतली गेलीय. शनिवारचा मुक्काम मालवणात केला तर साडेतीनला वर आलेल्या माणसाला रविवारी सकाळी दहापर्यंत साडेअठरा तास मिळतात. १८ तासांचा नियम पाळला जातो, झोप होते, घाट दिवसाउजेडी चढला जातो आणि सोमवारचं एकही लेक्चर बुडत नाही. खर्च वाढतो तो एका रात्रीच्या खोल्यांचा. दोन मॅडम सोबत आल्या तर आम्हा मुलींची काहीच तक्रार नाही, उलट मजाच येईल.

तोरणा पुढच्या रविवारी. त्याच्या पुढच्या रविवारीही तो तिथेच असेल, खिडकीतून रोज दिसतो.

आणि कोर्सवाल्यांनो, बोटीतून कुणी कितीही खुणा केल्या, पुढची बॅच कितीही ओरडली, तरी पाच मीटरवर दोरी सोडू नका. मी तुमच्या शेजारीच असेन, घड्याळ माझ्याकडे आहे.

मुक्काम धरून नवा कागद मी तयार केलाय, खाली अकरा सह्या झाल्यात. दादाने फोनवर सांगितलं की त्याचंही नाव घाल. कागद सध्या लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसमध्ये मॅडमच्या ट्रेमध्ये आहे. ज्यांना सही करायचीय त्यांनी गुरुवारच्या आत करावी, शुक्रवारी गाडीवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय.